ज्युदोला जोडीदार लागतो

जत्रेतला कुस्तीचा फड पाहिलेल्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. पंचावन्न किलोचा पोरगा सत्तर किलोच्या गड्याच्या पोटाखाली शिरतो, क्षणभर काही कळत नाही, आणि गडी पाठीवर पडलेला दिसतो. माणसं म्हणतात, ‘डाव बसला.’ पण डाव बसतो म्हणजे नेमकं काय होतं? पंधरा किलोचा फरक त्या क्षणी कुठे जातो?

ज्युदो हा खेळ याच प्रश्नावर उभा आहे. कानो जिगोरो या जपानी शिक्षकाने 1882 साली तोक्योमधल्या एका बौद्ध मंदिरात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे विद्यार्थी घेऊन तो सुरू केला. कानो अंगाने किरकोळ होते. लहानपणी दांडगट मुलांचा त्यांना त्रास झाला, म्हणून ते जुजुत्सू या जुन्या झुंजकलेकडे वळले. पण तिथले डाव नुसते पाठ करण्यावर ते थांबले नाहीत. मोठा माणूस लहानाच्या हातून पडतो तो का, हे त्यांनी शोधलं. जीवघेणे प्रकार बाजूला काढले आणि उरलेल्याची शाळेत शिकवता येईल अशी पद्धत बसवली. 1964 मध्ये पुरुषांचा आणि 1992 मध्ये महिलांचा ज्युदो ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळला गेला.

आता समजा, परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याची अकरा वर्षांची एक मुलगी ज्युदो शिकायला निघाली. तिला आंतरराष्ट्रीय मॅटपर्यंत पोचायचं असेल, तर वाटेत काय काय लागेल? ताकद, जिद्द, चांगला प्रशिक्षक ही उत्तरं लगेच सुचतात आणि ती खरीही आहेत. पण ज्युदोचं आतलं यंत्र समजून घेतलं, तर आणखी एक गरज दिसते. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

क्विंटलचं पोतं पाठीवर कसं येतं

आडतीवर हमाल ज्वारीचं क्विंटलभराचं पोतं कसं हलवतो ते आठवा. तो ते मधोमध धरून वर ओढत नाही. आधी वरची कड धरून पोतं एका कडेवर कलतं करतो. उभं पोतं मीटरभर उंच आणि अर्धा मीटर रुंद असेल, तर ते कलायला वरच्या कडेला सुमारे पंचवीस किलोचा जोर पुरतो, आणि जसजसं कलेल तसतसा त्याहूनही कमी लागतो. मग हमाल गुडघ्यात वाकून पाठ त्याच्याखाली घालतो आणि पाय सरळ करतो. वजन पेलतात ते पाय. हातांचं काम पोतं पाठीला चिकटून ठेवण्यापुरतं.

ज्युदोच्या प्रत्येक फेकीत हेच तीन भाग असतात. समोरच्याचा तोल मोडायचा, त्याला जपानीत कुझुशी म्हणतात. मग आपलं अंग योग्य जागी न्यायचं, ती त्सुकुरी. शेवटी फेकायचं, ती काके. नवशिक्याचं सगळं लक्ष तिसऱ्या भागावर असतं. जाणकार मात्र पहिला भाग पाहतो. तोल मोडला नसेल तर फेक म्हणजे नुसती ओढाताण, आणि ओढाताणीत जड माणूसच जिंकतो.

माणूस पोत्यापेक्षा उंच आणि त्याचा पाया पोत्यापेक्षा अरुंद. शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. तिथून सोडलेली सरळ रेषा दोन्ही पावलांनी व्यापलेल्या जागेत पडते तोवर माणूस उभा राहतो. साठ किलोचा माणूस ताठ, पाय जुळवून उभा असेल, तर छातीच्या उंचीवर धरून त्याला पुढे कलवायला पाच-सहा किलोचा जोर पुरे होतो. मग सगळेच रोज पडत का नाहीत? कारण माणूस पाऊल टाकतो. तोल जातोय असं वाटताच पाय आपोआप पुढे येतो आणि पाया रुंदावतो. पोत्याला हे जमत नाही.

म्हणजे हा सगळा खेळ त्या एका पावलाभोवती फिरतो. पाऊल पोचण्याआधी फेक पूर्ण करायची किंवा पाऊल पडायच्या जागी आपला पाय अडवा घालायचा. तिसरा मार्ग सगळ्यात देखणा आहे. पाऊल जमिनीला टेकतंय, पण अंगाचं वजन अजून त्यावर पूर्ण आलेलं नाही, अशा वेळी ते तळपायाने झाडून न्यायचं. अर्धा क्षण आधी झाडलं तर पाय हवेतच असतो आणि समोरचा तो परत टेकवतो. अर्धा क्षण उशीर झाला तर वजन बसलेलं असतं आणि पाय हलत नाही. दोन्हींच्या मधली वेळ साधली, तर चाळीस किलोची मुलगी साठ किलोच्या मुलाला पाडते.

तोल मोडायची आणखी एक युक्ती म्हणजे समोरच्याचाच जोर वापरणं. त्याला मागे ढकला, तो न ठरवताही पुढे रेटा देतो. तो रेटा आला की ढकलणं सोडून ओढायचं. आता त्याची ताकद आणि आपली ताकद एकाच दिशेने काम करते.

आधी पडायचं

पहिले काही आठवडे या मुलीला कुणालाच पाडायला मिळणार नाही. तिने फक्त पडायचं. आधी बसून मागे, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग खांद्यावरून कोलांटी घेत. घरचे विचारतात, ‘पैसे भरून पोरगी पडायला जाते का?’ या पडण्यालाच उकेमी म्हणतात.

मीटरभर उंचीवरून पडलेलं अंग जमिनीला लागतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेचार मीटर असतो. तो वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर मार ठरतो. एका सेंटिमीटरात थांबावं लागलं तर सरासरी धक्का शरीराच्या वजनाच्या शंभरपटीच्या आसपास जातो. तीन सेंटिमीटर मिळाले तर तो तेहतीसपटीवर येतो. मॅट हे अंतर देते. उरलेलं काम पडणाऱ्याने करायचं असतं, म्हणजे धक्का एका हाडावर न घेता मोठ्या जागेवर पसरवायचा.

जवळून पाहिलं तर हे असं दिसतं. हनुवटी छातीला टेकलेली, नजर पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल. पाठ मॅटला लागते त्याच क्षणी अख्खा हात, खांद्यापासून तळव्यापर्यंत, अंगापासून थोडा दूर, जोरात मॅटवर आपटतो. श्वास बाहेर सोडलेला. नवीन मुलं याच्या नेमकं उलट करतात, तळहात मागे टेकवून अंग सावरायला जातात. मग सगळा भार मनगट, कोपर आणि खांद्याच्या हाडावर येतो. तळहात टेकवायची ही उपजत सवय मोडायला शेकडो वेळा पडावं लागतं.

पडायची भीती गेली की शरीर सैल होतं, आणि सैल शरीराला समोरच्याची हालचाल आधी कळते. घाबरलेला खेळाडू हात ताठ करून दूर उभा राहतो. ताठ हातांतून काहीच कळत नाही, शिवाय तेच हात धरून त्याला फिरवणं सोपं जातं.

कुस्तीचं नातं

बीड जिल्ह्यात हा खेळ परका वाटायचं कारण नाही. पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात कुस्तीचं सुवर्ण आणलं. आपली धोबीपछाड आणि ज्युदोतली इप्पोन सेओई नागे शेजारी ठेवून पाहा, दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. ढाक आणि टांग यांचेही जवळचे नातेवाईक ज्युदोत सापडतात.

एक गाठभेट तर ऑलिंपिकच्या इतिहासातच आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं. त्या गटाचं सुवर्ण मिळवणारा जपानचा शोहाची इशी मुळात ज्युदो शिकलेला होता आणि नंतर कुस्तीकडे वळला होता.

मोठा फरक दोन गोष्टींत आहे. ज्युदोत अंगावर जाड सुती झगा असतो आणि तो धरूनच खेळायचं. दुसरं म्हणजे पट काढता येत नाही. 2010 पासून थेट पायांना हात घालण्यावर बंधनं आली आणि 2013 पासून उभ्याने खेळताना पट्ट्याच्या खाली धरणं जवळपास पूर्ण बंद झालं. आखाड्यातून आलेल्या मुलांना हे सगळ्यात जड जातं, कारण हात सवयीने खाली जातो आणि पंच शिक्षा देतो. पण कमरेची ताकद आणि अंगाला अंग भिडवायची सवय त्यांच्याकडे आधीपासून असते. जॉर्जिया आणि मंगोलिया हे देश आपापल्या लोककुस्तीच्या बळावर ज्युदोत जगाच्या पहिल्या रांगेत आले. मराठवाड्यात तसं का होऊ नये?

चौकट : चार मिनिटांचा हिशोब

• लढत चार मिनिटांची. बरोबरी झाली तर पुढे वेळेची मर्यादा नाही, पहिला गुण घेणारा जिंकतो.
• इप्पोन म्हणजे पूर्ण विजय. जोर, वेग आणि ताबा राखून समोरच्याला पाठीवर टाकलं, 20 सेकंद जमिनीवर दाबून ठेवलं किंवा त्याने हार मानली की लढत तिथेच संपते.
• वाझा-आरी त्याहून कमी. फेक थोडी अपुरी पडली किंवा दाब 10 सेकंद टिकला तर. दोन वाझा-आरी मिळून इप्पोन.
• युको सगळ्यात लहान गुण. मधली काही वर्षं तो बंद होता, 2025 पासून परत आला.
• टाळाटाळ किंवा चुकीची पकड केली तर शिदो. तिसऱ्या शिदोला खेळाडू बाद.
• महिलांचे गट 48, 52, 57, 63, 70, 78 आणि 78 किलोच्या वर. पुरुषांचे 60, 66, 73, 81, 90, 100 आणि 100 किलोच्या वर.

पकड : हाताने वाचायचं

टीव्हीवर ज्युदो पाहणाऱ्याला पहिला मिनिटभर कंटाळवाणा वाटतो. दोघं नुसते एकमेकांचे हात झटकत असतात. पण निम्मी लढत तिथेच ठरते. साधारणपणे उजवा हात समोरच्याच्या गळपट्टीवर आणि डावा हात त्याच्या बाहीवर, कोपराजवळ. बाहीचा हात ओढतो आणि समोरच्याला फिरवतो. गळपट्टीचा हात त्याची छाती आपल्याला हवी तिकडे वळवतो. शिवाय या दोन हातांतून खबर येत राहते: वजन कुठल्या पायावर आहे, श्वास कधी घेतला, जोर कधी येणार. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बोटांना ते आधी कळतं.

याचा पुरावा पॅरिसच्या 2024 च्या पॅरालिंपिकमध्ये दिसला. मध्य प्रदेशच्या कपिल परमारने पूर्ण अंध किंवा जवळपास अंध खेळाडूंच्या गटात, 60 किलोमध्ये, कांस्य जिंकलं. पॅरालिंपिक ज्युदोतलं ते भारताचं पहिलं पदक. तिथे नियमात मोठा बदल एकच, लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांना धरलेलं असतं. पुढचा ज्युदो तोच.

हाताचं हे वाचन पुस्तकातून येत नाही, व्हिडिओतून येत नाही आणि खांबाला रबर बांधून केलेल्या सरावातूनही येत नाही. त्यासाठी समोर जिवंत, विरोध करणारं माणूस लागतं. आपल्या मुलीची खरी अडचण इथून सुरू होते.

एकटीने धावता येतं, फेकता येत नाही

याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रकुलचं रौप्य आणि आशियाई सुवर्ण जिंकला. धावणाऱ्याचीही मेहनत अफाट असते, पण धावणारा माणूस पहाटे एकटा रस्त्यावर निघू शकतो. ज्युदोपटूला तसं करता येत नाही. दम, पाय आणि कंबर एकटीने तयार होईल. पण तोल मोडायचा तर तो कुणाचा तरी मोडावा लागतो.

सरावाचे दोन मुख्य प्रकार आहेत. उचिकोमी म्हणजे फेकीच्या जागेपर्यंत पुन्हा पुन्हा जायचं, पण फेकायचं नाही. यात जोडीदार उभा राहून साथ देतो. रांदोरी म्हणजे मोकळा सराव, दोघंही खरोखर पाडायला पाहतात. उचिकोमीसाठी एकच चांगली मैत्रीण पुरते. रांदोरीसाठी एक पुरत नाही. कारण सहा महिन्यांत तुम्हाला तिच्या सगळ्या खोडी कळतात आणि तिला तुमच्या. मग दोघींना वाटतं आपण चांगलं खेळतोय, पण दोघी फक्त एकमेकींशी खेळायला शिकलेल्या असतात.

डावखुऱ्याचंच घ्या. डावखुरी समोर आली की गळपट्टी, बाही, पाय सगळं उलटं पडतं आणि ओळखीचा कोन बंद होतो. क्लबात एकही डावखुरी नसेल, तर ही मुलगी पहिल्यांदा डावखुरीला धरेल ती थेट स्पर्धेत, आणि तिथे पहिल्या मिनिटात हरेल. उंच मुलगी, बुटकी मुलगी, कमरेतून लवकर वाकणारी, मागे सरत खेळणारी, प्रत्येकीचा तोल वेगळ्या जागी मोडतो.

म्हणून लहान वयापासून जगाच्या मॅटपर्यंतचा प्रवास मला जोडीदारांची शिडी वाटतो. गावात पाच-सहा जणी असतील. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत होतात. जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी चढताना दर वेळी काही नवीन हात अंगाला लागतात. खेलो इंडिया युवा स्पर्धेतही ज्युदो आहे. परळीच्या स्टेशनावरून राष्ट्रीय स्पर्धेला निघालेली मुलगी तिथे मणिपूर, हरयाणा, पंजाबच्या मुलींना पहिल्यांदा धरते आणि गावी कधी न जाणवलेला वेग तिच्या बोटांना कळतो. पदक आलं नाही तरी हे ज्ञान घेऊन ती परत येते. मात्र गावी हा वेग आजमावायला कुणी नसेल, तर चार महिन्यांत ते विरतं.

पुढची पायरी बहुतेकदा घर सोडायची असते. मणिपूरच्या लिंथोई चनंबमने 2022 मध्ये सारायेव्होत कॅडेट गटाच्या जागतिक स्पर्धेत 57 किलोचं सुवर्ण जिंकलं. ज्युदोच्या जागतिक स्पर्धेतलं, कुठल्याही वयोगटातलं, ते भारताचं पहिलं पदक. ती कर्नाटकात विजयनगरच्या इन्स्पायर इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्जियन प्रशिक्षक मामुका किझिलाश्विली यांच्याकडे तयार झाली. अशा केंद्राची इमारत आणि यंत्रं आपल्याला दिसतात. तिथला खरा ठेवा मात्र देशभरातून एका मॅटवर आणलेली, वेगवेगळ्या अंगाची वीस-पंचवीस मुलं-मुली हा आहे.

फ्रान्सची लोकसंख्या सात कोटींच्या आत, आणि ज्युदो संघटनेची सभासदसंख्या पाच लाखांच्या घरात. तोक्यो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक अंतिम फेरीत फ्रान्सने जपानला हरवलं. भारताकडून 2012 ते 2024 या चार ऑलिंपिकमध्ये दर वेळी एकच ज्युदोपटू गेला: गरिमा चौधरी, अवतार सिंग, सुशीला देवी आणि तुलिका मान. आपल्या मुलांत दम नाही असा याचा अर्थ मी काढत नाही. फ्रान्समधल्या साध्या उपनगरातल्या मुलीला एका महिन्यात जेवढे वेगवेगळे जोडीदार मिळतात, तेवढे आपल्या मुलीला कित्येक वर्षांत मिळत नाहीत.

गुण मिळवायलाही बाहेर जावं लागतं

ऑलिंपिकची जागा जागतिक क्रमवारीवर ठरते. पॅरिससाठी प्रत्येक वजनगटातले पहिले 17 थेट पात्र ठरले आणि उरलेल्यांपैकी काहींना खंडाच्या कोट्यातून संधी मिळाली. तुलिका मान त्याच कोट्यातून गेली. क्रमवारीसाठी खंडीय ओपन स्पर्धा जिंकली तर 100 गुण, ग्रां प्री जिंकली तर 700, ग्रँड स्लॅमला 1000 आणि जागतिक अजिंक्यपदाला 2000. एक ग्रँड स्लॅम म्हणजे दहा ओपन. मोठ्या स्पर्धा बहुतेक युरोप, जपान, आखात आणि मध्य आशियात होतात. तिकीट, व्हिसा, राहणं असा सगळा खर्च आलाच. 52 किलो गटात महाराष्ट्राची श्रद्धा चोपडे भारताकडून खेळते. तिच्या मागे येणाऱ्या मुलींनाही हाच घाट चढायचा आहे.

या वाटेवर वजनाचा फास असतो. वजन स्पर्धेच्या आदल्या दिवशी घेतात आणि दुसऱ्या सकाळी काही जणांना अचानक पुन्हा काट्यावर बोलावतात. तिथे गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त भरलं तर खेळाडू बाद. उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवणं वाढत्या वयाच्या मुलांसाठी घातक आहे. चौदा वर्षांची मुलगी 44 वरून 49 किलोवर गेली तर तिला वाढू द्यावं आणि वरच्या गटात खेळवावं. यात तडजोड नको.

सिरसाळ्यात काय करता येईल

स्पर्धेची मॅट किमान आठ बाय आठ मीटरची असते. सरावाला सहा बाय सहाही चालते. एक बाय दोन मीटरच्या मॅटचे अठरा तुकडे आणि एखादा पक्का वर्ग एवढ्यात ते भागतं. पैशाची अडचण आहेच, पण ती एकदाच येते. जोडीदारांची अडचण दरवर्षी येते, आणि बीडमध्ये तिला एक वेगळं कारण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात आणि मुलंही त्यांच्याबरोबर जातात. वर्गातला पट घटतो तसा मॅटवरचाही घटतो. नोव्हेंबर ते मार्च हा शालेय स्पर्धांच्या आसपासचा काळ, आणि नेमक्या त्याच काळात हिची रांदोरीची मैत्रीण पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी फडावर असते.

आई-बाप तोडीला गेले तरी मुलं गावात राहावीत म्हणून जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं चालवली जातात. त्या मुलांच्या संध्याकाळी मोकळ्या असतात. मॅट तिथे टाकता येईल. आठवड्यातून एक दिवस परळी, माजलगाव, धारूर या बाजूंच्या दोन-तीन शाळांची मुलं एका ठिकाणी आणली, तर पाच-सहा जोडीदारांचे तीस होतात, आणि त्या तिसांत एखादी तरी डावखुरी सापडतेच.